चकतीसारखे रेणू आणि पडद्याचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर सी. व्ही. रामन यांच्या कुटुंबात चंद्रशेखर नावाचे दोन थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांपैकी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर सर्वांना ठाऊक आहेत. ताऱ्यांच्या अंतकाळाचे गणित मांडणारे आणि १९८३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळविणारे ते हेच. दुसरे शिवरामकृष्ण चंद्रशेखर. त्याच १९८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य म्हणून निवडले. नाव तेच, मामा-काकांचे घराणे तेच आणि वर्षही तेच, तेव्हा वस्तुनिष्ठ प्रश्नांत गल्लत होण्यास पुरेपूर वाव आहे. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द लागू पडतो. मराठीने मात्र ही सोय आधीच करून ठेवली आहे. नोबेलविजेते चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे, तर शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे त्यांचे भाचे. आजचा विषय या भाच्याचा आहे.

त्यांचे संशोधन द्रव स्फटिकांवरचे, म्हणजे घड्याळापासून संगणकापर्यंतच्या चपट्या पडद्यांत काम करणाऱ्या पदार्थांवरचे होते. १९७७ साली बंगळुरूमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पदार्थांचा एक नवाच वर्ग शोधला. सुमारे दोन दशकांनी त्याच वर्गातील पदार्थांचा पातळ थर जगभरातील संगणकांच्या पडद्यांवर चढला. तो थर जपानमध्ये तयार झाला. या दोन घटनांमध्ये जे अंतर पडले, त्याचा अर्थशास्त्रीय उलगडा करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

नागपूर ते म्हैसूर

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कोलकात्यात झाला. पण त्यांचे उच्च शिक्षण नागपूरचे. १९५१ साली नागपूर विद्यापीठातून ते भौतिकशास्त्राची एम. एस्सी. पदवी प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. प्रकाशाच्या ध्रुवणावरील मूलगामी कामामुळे आज ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते एस. पंचरत्नम् हे त्यांचे धाकटे बंधू. एम. एस्सी.नंतर चंद्रशेखर बंगळुरूला मामांच्या रामन संशोधन संस्थेत दाखल झाले. रामन यांनी ही संस्था १९४८ साली उभारली होती. स्फटिकांतून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल कसे वळते, हा चंद्रशेखर यांच्या प्रबंधाचा विषय होता. या कामासाठी १९५४ साली नागपूर विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. पदवी दिली.

पुढे शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले आणि तेथे क्ष-किरण व न्यूट्रॉन यांच्या स्फटिकांतील विकिरणाचा अभ्यास करून त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळविली. लंडनमध्ये काही काळ संशोधन केल्यावर १९६१ साली ते मायदेशी परतले. म्हैसूर विद्यापीठात पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा विभाग नव्याने उभा राहत होता; त्याचे पहिले प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. साधनसामग्री तुटपुंजी, विद्यार्थी नवखे, आणि परदेशातील मोठ्या प्रयोगशाळांशी स्पर्धा करणे अशक्य, अशी तेव्हाच्या बहुतेक विद्यापीठांची स्थिती होती. अशा ठिकाणी संशोधनाचा विषय निवडणे हाच मोठा निर्णय असतो. ज्या क्षेत्रात गर्दी नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत, पण मूलभूत प्रश्न शिल्लक आहेत, असे क्षेत्र चंद्रशेखर यांनी निवडले. ते द्रव स्फटिकांचे क्षेत्र होय.

द्रव स्फटिकांचा शोध जुना आहे. १८८८ साली प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर यांना कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला. १४५.५ अंश सेल्सियसला तो गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना स्वच्छ द्रव. मधल्या गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, परंतु प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो, असे पुढे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांनी दाखविले. त्यानंतर जवळजवळ पाऊण शतक ही एक शास्त्रीय नवलाई होऊन राहिली. तिचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

चंद्रशेखर यांना मात्र ती आपल्या ओळखीची वाटली असावी. कोलेस्टेरिक जातीच्या द्रव स्फटिकांत रेणूंचे थर पेचाप्रमाणे वळत जातात व त्यामुळे ध्रुवित प्रकाश प्रचंड प्रमाणात फिरतो. प्रकाशाचे फिरणे हा त्यांच्या पहिल्या प्रबंधाचा विषय होता आणि नियमित थरांवरून होणारे परावर्तन हा केंब्रिजमधील कामाशी जोडलेला. घन स्फटिकांसाठी वापरली जाणारी गणिती पद्धत त्यांनी म्हैसूरमध्ये सहकाऱ्यांसह या वाहत्या पदार्थांना लावली. एकदा कमावलेले बौद्धिक भांडवल दुसऱ्या क्षेत्रात गुंतविण्याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

पडदा कसा चालतो

दरम्यान बाहेरच्या जगात या नवलाईचे रूपांतर उद्योगात होऊ लागले होते. १९६८ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रव स्फटिकांवर चालणारा पहिला दर्शक पडदा जाहीरपणे दाखविला. १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट व वोल्फगांग हेलफ्रिश यांनी पीळ दिलेल्या रेणूंची रचना शोधली. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही त्याच रचनेवर काम केले व त्यावरून पेटंटचा वाद झाला. घड्याळे, गणकयंत्रे आणि पुढे संगणक यांच्या पडद्यांचा पाया याच रचनेने घातला, म्हणून ती समजून घेणे अगत्याचे आहे.

काचेच्या दोन तावदानांमध्ये केसाच्या जाडीच्याही एका लहान अंशाएवढी फट असते. तीत काडीच्या आकाराच्या रेणूंचा द्रव स्फटिक भरलेला असतो. वरच्या काचेजवळच्या काड्या समजा पूर्व-पश्चिम, तर खालच्या काचेजवळच्या दक्षिणोत्तर. मधल्या काड्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे हळूहळू वळत जातात. दोन्ही काचांबाहेर एकमेकांशी काटकोन करणारे ध्रुवक बसविलेले असतात. रेणूंबरोबर प्रकाशही वळतो आणि दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो, म्हणून तेथे उजेड दिसतो. विद्युतदाब दिला की काड्या उभ्या राहतात, प्रकाश वळत नाही, दुसऱ्या ध्रुवकावर अडतो आणि तेथे काळा ठिपका दिसतो. असे ठिपके लाखोंनी व वेगवेगळ्या रंगगाळण्यांमागे मांडले की चित्र तयार होते. विजेचा खर्च अत्यल्प. कारण पडदा स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही, केवळ त्याला वाट देतो किंवा अडवितो.

याच सुमारास ब्रिटनमध्ये जे घडले ते पुढील चर्चेसाठी महत्त्वाचे आहे. १९६७ साली मंत्री जॉन स्टोनहाउस माल्व्हर्न येथील सरकारी प्रयोगशाळेला भेट देण्यास गेले. रंगीत चित्रनलिकेसाठी आरसीए कंपनीला द्यावी लागणारी रॉयल्टी कॉन्कॉर्ड विमानाच्या विकासखर्चापेक्षाही अधिक आहे, असे त्यांनी तेथे सांगितल्याची आठवण त्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ सिरिल हिल्सम यांनी नोंदविली आहे. चपट्या पडद्यावर संशोधन करण्याचा सरकारी निर्णय त्यातून पुढे आला. हल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रे यांना कंत्राट मिळाले, आणि १९७२-७३ मध्ये त्यांनी सायनोबायफिनिल हे टिकाऊ द्रव स्फटिक तयार केले. बीडीएच या रसायन कंपनीने त्यांचे उत्पादन केले. मंत्री, प्रयोगशाळा, रसायनशास्त्रज्ञ आणि कारखाना या चार कड्या सहा-सात वर्षांत जोडल्या गेल्या.

बंगळुरूची प्रयोगशाळा

नोव्हेंबर १९७० मध्ये रामन यांचे निधन झाले. संस्थेची घडी नव्याने बसविली जात होती. १९७१ साली चंद्रशेखर तेथे परतले आणि द्रव स्फटिक प्रयोगशाळेची स्थापना झाली. या प्रयोगशाळेचे वेगळेपण असे की तेथे भौतिकशास्त्रज्ञांच्या शेजारीच कार्बनी रसायनाचे काम चालत असे. नवा रेणू हवा असेल तर तो परदेशातून मागवायचा, महिनोन्महिने वाट पाहायची, परकीय चलनाची परवानगी मिळवायची, हा त्या काळातील नेहमीचा मार्ग. येथे तो रेणू त्याच आवारात तयार करता येत असे, आणि त्याचे प्रकाशीय, औष्णिक व क्ष-किरण परीक्षणही तेथेच होई.

डिसेंबर १९७३ मध्ये बंगळुरूला द्रव स्फटिकांवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे शोधनिबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या 'प्रमाण' या भौतिकशास्त्रविषयक नियतकालिकाची पहिली पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांत एन. व्ही. मधुसूदन व चंद्रशेखर यांचे एक काम आहे. ज्या रेणूंच्या एका टोकाला तीव्र विद्युत् ध्रुवता असते, त्यांचे शेजारी एकमेकांकडे पाठ करून उलट दिशांना तोंड करतात, असे त्यांनी दाखविले. ग्रे यांचे सायनोबायफिनिल नेमके याच प्रकारचे. पडद्यातील रेणू किती विद्युतदाबाला उभे राहतील, हे या शेजारधर्मावर अवलंबून असते. म्हणजेच उद्योग ज्या पदार्थांकडे वळत होता, त्यांचे विज्ञान बंगळुरूत त्याच वेळी लिहिले जात होते. बंगळुरू मागे होते, हा समज येथेच गळून पडतो.

१९७७ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे ठरले. केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने चंद्रशेखर यांचा 'लिक्विड क्रिस्टल्स' हा ग्रंथ प्रकाशित केला. रशियन व जपानी भाषांत त्याचे अनुवाद झाले. आणि त्याच वर्षी 'प्रमाण'च्या पानांवर एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांचा एक छोटेखानी निबंध आला.

द्रव स्फटिक होण्यासाठी रेणू काडीसारखा लांबट हवा, असे विसाव्या शतकाच्या आरंभापासून मानले जात होते, आणि तोवरच्या हजारो उदाहरणांनी त्याला पुष्टीच दिली होती. या तिघांनी वेगळ्या घडणीचे रेणू घेतले. मध्यभागी बेंझिनचे सपाट वलय आणि त्याच्या सहा कोपऱ्यांना सहा लवचिक कार्बनी साखळ्या; एकूण आकार चकतीचा. हे पदार्थ तापविल्यावर त्यांतील काहींना घन व स्वच्छ द्रव यांच्या दरम्यान आणखी एक अवस्था असल्याचे दिसले. सात कार्बनच्या साखळ्या असलेल्या पदार्थात ती ऐंशी अंश सेल्सियसच्या किंचित वर सुरू होते आणि जेमतेम काही अंशांत संपते. घाईने तापविणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटावी. क्ष-किरणांनी रचना उघड केली. चकत्या नाण्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचल्या जातात. असे स्तंभ षट्कोनी जाळ्यात शेजारी शेजारी उभे राहतात. पण स्तंभाच्या आत चकत्यांमधील अंतर अनियमित असते. दोन दिशांत स्फटिकाची शिस्त आणि तिसऱ्या दिशेत द्रवाची मोकळीक, असा हा पदार्थ होता.

एका जुन्या नियमाला अपवाद सापडला, एवढ्यावर हे थांबले नाही. पदार्थांचा एक संपूर्ण वर्गच खुला झाला. फ्रान्समधील प्रयोगशाळांनी लगोलग इतर गाभ्यांचे, विशेषतः ट्रायफेनिलीनचे, चकतीरेणू तयार केले आणि त्यांच्या नव्या अवस्था शोधल्या.

थर जपानमध्ये का तयार झाला

आता पडद्याकडे परत येऊ. १९९० च्या दशकात मांडीवर घेण्याचे संगणक आले तेव्हा एक दोष सर्वांना जाणवू लागला. पडद्याकडे समोरून पाहिले तर चित्र ठीक. बाजूने किंवा खालून पाहिले की काळा रंग राखाडी होई, रंग फिके पडत, कधी उलटही होत. एका माणसाच्या मांडीवर हे चालून गेले असते. टेबलावरच्या मोठ्या पडद्याला आणि घरातील दूरचित्रवाणीला मात्र हा दोष परवडणारा नव्हता.

कारण रचनेतच होते. विद्युतदाब दिल्यावर मधल्या काड्या उभ्या राहतात, पण काचेला चिकटलेल्या काड्या आडव्याच राहतात. दरम्यानच्या तिरप्या असतात. समोरून पाहिल्यास प्रकाश पूर्ण अडतो, तिरके पाहिल्यास या काड्या थोडा प्रकाश गळू देतात. ही गळती बुजवायची तर काडीच्या उलट प्रकाशीय गुणाचा पदार्थ हवा. काडीच्या लांबीच्या दिशेने अपवर्तनांक जास्त असतो. चकतीच्या अक्षाच्या दिशेने तो कमी असतो. म्हणजे काडी जे बिघडविते ते चकती सुधारू शकते, मात्र काड्या ज्या क्रमाने तिरप्या होत जातात त्याच क्रमाने चकत्याही तिरप्या मांडल्या पाहिजेत.

हे काम जपानच्या फुजी फोटो फिल्म कंपनीने केले. ट्रायफेनिलीन गाभ्याच्या चकतीरेणूंचा अतिशय पातळ थर तिने सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या पारदर्शक फिल्मवर दिला, तापवून चकत्यांची हवी तशी मांडणी होऊ दिली आणि अतिनील किरणांनी ती मांडणी कायमची गोठवून टाकली. १९९० च्या दशकाच्या मध्यास ही 'वाइड व्ह्यू' फिल्म बाजारात आली. ध्रुवकाबरोबर ती चिकटवली की पडद्याच्या कारखान्याला आपल्या यंत्रसामग्रीत काहीही बदल करावा लागत नसे.

ही कंपनी कोणती, याकडे लक्ष द्यावे. ती पडदे बनविणारी नव्हती. छायाचित्रांची फिल्म बनविणारी होती. सेल्युलोज ट्रायॲसिटेट हा फोटोफिल्मचाच पाया. मैलोन्मैल फिल्मवर डाग वा सुरकुती न पडू देता एकसारखा रासायनिक थर देणे, ही तिची अनेक दशकांची कमाई होती. आणि पडद्यांचे कारखाने तिच्याच देशात असल्याने त्यांच्या तक्रारी रोज तिच्या दारात येत होत्या. फुजीचे रेणू १९७७ चे तेच रेणू नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु चकतीसारखा रेणू द्रव स्फटिक होऊ शकतो, हे ज्ञान बंगळुरूचे.

अशा वेळी आपल्याकडे दोन स्पष्टीकरणे तत्काळ पुढे येतात. पहिले म्हणजे आपल्या शास्त्रज्ञांना पेटंटचे महत्त्व कळत नाही. दुसरे म्हणजे परदेशी कंपन्यांनी आपले ज्ञान पळविले. दोन्ही सोयीची आहेत, आणि दोन्ही अपुरी.

पेटंटचे पाहू. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याच्या पाचव्या कलमान्वये अन्न व औषधी पदार्थांप्रमाणेच रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या पदार्थांनाही, ज्यांत मिश्रधातू, प्रकाशीय काच व अर्धवाहक यांचा स्पष्ट उल्लेख होता, पदार्थ म्हणून पेटंट मिळत नसे. केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला मिळे. ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने गेली. स्वस्त औषधांसाठी या कायद्याने देशाचे मोठे हित साधले, हे विसरता येणार नाही. पण नव्या पदार्थाचा शोध लावणाऱ्याला तो देशात काहीच देत नव्हता. शिवाय परदेशात पेटंट घेतले असते तरी १९७७ मधील वीस वर्षांच्या हक्काची मुदत १९९७ ला संपली असती, म्हणजे उपयोग नुकता सुरू होत असतानाच. १९७७ साली पडदा म्हणजे मनगटी घड्याळातील चार आकडे. तिरक्या नजरेचा प्रश्न तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

ज्ञान पळविल्याचे म्हणणे तर त्याहून लंगडे आहे. निबंध प्रसिद्ध होता, ग्रंथाचा जपानी अनुवाद उपलब्ध होता. ज्याला गरज पडली त्याने वाचले. खरा प्रश्न असा की गरज भारतात कोणाला का पडली नाही?

ती पडली नाही, कारण पडदे बनविणारा उद्योगच येथे नव्हता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली आणि देशात चित्रनलिकेचे कारखाने उभे राहिले. ते जाड काचेच्या नळ्यांचे तंत्रज्ञान होते. आयात शुल्काच्या तटबंदीआड ते टिकले आणि तंत्रज्ञान बदलत असताना तिकडेच भांडवल जात राहिले. मराठवाड्यात कारखाने असलेल्या व्हिडिओकॉन समूहाने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय इटली, पोलंड, मेक्सिको व चीनमधील कारखान्यांसह विकत घेतला. भारतीय उद्योगाची जागतिक झेप म्हणून त्याचे तेव्हा स्वागत झाले. अवघ्या दोन-तीन वर्षांत जगाच्या बाजारात द्रव स्फटिकाच्या दूरचित्रवाणीने चित्रनलिकेला मागे टाकले.

दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली आणि संगणक व त्याच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आणले. आज्ञावली उद्योगाला त्याचा लाभ झाला. बंगळुरूचा विस्तार हा त्याचा पुरावाच. परंतु पडद्यासारख्या भागाचे देशी उत्पादन त्याच वेळी सुरू करण्याचे आकर्षण उरले नाही. एकाच शहरात आज्ञावलीची भरभराट आणि पडद्याचा अभाव, हा विरोधाभास धोरणाच्या या क्रमातून आला आहे.

पडद्याच्या कारखान्याला लागणारे भांडवलही असाधारण आहे. काचेचे ताव जितके मोठे तितका प्रत्येक पडद्याचा खर्च कमी, म्हणून पिढीगणिक ताव वाढत गेले. साडेआठाव्या पिढीचा ताव सुमारे २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब असतो. प्रत्येक पिढीला नवा कारखाना लागतो आणि मंदीत किंमती कोसळतात. कोरियन समूहांनी मंदीतच गुंतवणूक केली. तैवानने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी तंत्रज्ञान घेऊन प्रवेश केला. चीनच्या बीओई कंपनीने २००३ साली कोरियातील हायडिस ही पडद्यांची कंपनी विकत घेऊन सुरुवात केली. आरसीएने तर स्वतःच शोधलेला पडदा अर्ध्यावर सोडला. ब्रिटनलाही पडद्यांचे कारखाने लाभले नाहीत. पण ग्रे यांच्या रेणूंची रॉयल्टी आणि रसायनांचा व्यापार त्याच्या पदरात पडला. भारतासाठी तुलना करायची तर ती कोरियाशी नव्हे, या ब्रिटनशी केली पाहिजे. पडदा नाही तरी पडद्याचे रसायन, फिल्म आणि चालनपद्धती यांत वाटा मिळविणे आवाक्यातले होते. रसायन उद्योग आपल्याकडे होता, संशोधन होते. या दोहोंना जोडणारी, ग्राहकाची तक्रार प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविणारी कडी नव्हती.

कडी जोडण्याचा प्रयत्न

चंद्रशेखर यांना ही उणीव जाणवली नसेल असे मानण्याचे कारण नाही. रामन संस्थेतून निवृत्त झाल्यावर १९९१ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी बंगळुरूच्या जालहळ्ळी भागात भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने द्रव स्फटिक संशोधन केंद्र स्थापन केले. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा १९५४ सालचा सार्वजनिक उपक्रम. संरक्षण दलांना इलेक्ट्रॉनिक उपकरणे पुरविणारा. म्हणजे कारखान्याच्या शेजारी प्रयोगशाळा, अशी ही मांडणी होती. १९९५ साली हे केंद्र केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाची स्वायत्त संस्था झाले, आणि २००३ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आले. एका मंत्रालयाकडून दुसऱ्याकडे झालेला हा प्रवास बोलका आहे. उद्योगाशी संबंधित विभागाकडून ते मूलभूत विज्ञानाच्या विभागाकडे गेले.

रामन संस्थेतही पडद्याच्या चालनपद्धतीवर काम होत होते. टी. एन. रुक्मांगदन यांनी १९८८ साली अशी पद्धत मांडली की पडद्याच्या ओळी एकेक करून न निवडता ओळींचे गट एकदम निवडावेत. त्यामुळे लागणारा विद्युतदाब कमी होतो. एकाच वेळी अनेक ओळी चालविण्याच्या पद्धती पुढे जपानमध्ये विकसित झाल्या. येथेही तेच अंतर दिसते.

चंद्रशेखर यांना मिळालेल्या मानसन्मानांची यादी मोठी आहे. त्यांतील १९७२ चे भटनागर पारितोषिक, १९९४ चे रॉयल सोसायटीचे रॉयल पदक आणि १९९८ चा पद्मभूषण एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आंतरराष्ट्रीय द्रव स्फटिक संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. ८ मार्च २००४ रोजी बंगळुरूमध्ये त्यांचे निधन झाले.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक व दर्शक पडद्यांच्या उत्पादनासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. सप्टेंबर २०२२ च्या सुधारणेनुसार पडद्याच्या कारखान्यालाही प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के साहाय्य देण्याचे ठरले. या कार्यक्रमाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी कारखान्याच्या आकड्यांबरोबरच फिल्म, काच, ध्रुवक आणि रसायने कोठून येणार हेही तपासावे. पडद्याच्या किमतीचा मोठा भाग या सामग्रीत असतो, आणि फुजीसारख्या कंपन्यांनी आपली जागा तेथेच निर्माण केली.

जालहळ्ळीच्या केंद्राचे नाव २०१० साली मृदू पदार्थ संशोधन केंद्र आणि २०१४ साली नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र असे झाले. चकतीरेणूंवर आजही संशोधन चालते, मात्र त्याचे लक्ष्य बदलले आहे. चवडीप्रमाणे रचलेल्या चकत्यांच्या स्तंभातून विद्युत्भार एकाच दिशेने वाहू शकतो, म्हणून सेंद्रिय अर्धवाहक व सौरघट यांसाठी जगभरातील प्रयोगशाळा या स्तंभांकडे पाहत आहेत.